तांडेलिणीच्या घरचा शब्द

पुण्याला मराठीचा एक मोठा कोश तयार होत होता आणि त्याला गावोगावचे शब्द हवे होते, हे मला कळलं ते यांच्याकडून. हे अलिबागला कचेरीत नोकरीला होते आणि शनिवारी घरी यायचे. मी रेवदंड्याच्या अलीकडे, चौलच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत शिकवायची. एका शनिवारी यांनी पिशवीतून भाजीऐवजी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, "माणूस बोलत असताना त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारायची खोड आहे ना तुला? ती आता कामाला लाव."

मला राग आला, पण चिठ्ठ्या मी ठेवून घेतल्या.

चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाडसर कागद. डाव्या कोपऱ्यात शब्द लिहायचा. खाली, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, जसंच्या तसं, त्यात आपलं शहाणपण न मिसळता. मग अर्थ, गाव, बोलणारी बाई की पुरुष, धंदा कोणता, आणि शब्द अजून चालू आहे की मागे पडला. एका चिठ्ठीवर एकच शब्द. तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला की नवी चिठ्ठी. मला आधी ही कागदाची नासाडी वाटली.

जिल्ह्यातल्या चिठ्ठ्या अलिबागला एका निवृत्त कोर्ट-कारकुनांकडे जमा व्हायच्या. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते स्वतः जुन्या मोडी कागदांतून शब्द वेचायचे, आणि आम्ही बाकीचे, म्हणजे चौलच्या देवळातले एक पुजारी, मिठागरांकडचे एक मास्तर आणि मी, लोकांच्या बोलण्यातून. काका दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकावर एक रचायचे. शब्दाची आजची चिठ्ठी वर, तिच्याखाली तिच्या आईची, त्याखाली आजीची. मग शब्द कुठून आला, वाटेत कुठे वाकला, हे दिसायचं. चावी हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला हे कळल्यावर, त्याआधी चौलचे लोक कुलूप उघडताना काय मागायचे यावर काका आणि पुजारी यांनी एक अख्खी दुपार घालवली. मी चहा तीनदा गरम केला आणि शेवटी सांगितलं की मला रेवदंड्याची गाडी गाठायची आहे.

पुण्याहून सूचना यायच्या. शब्द विचारू नये, ऐकावा, कारण विचारलं की माणूस सावरून बोलतो. दोन वेगळ्या घरांतून ऐकल्याशिवाय शब्द पक्का धरू नये. हे खरंच होतं, पण मी म्हणायची, पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथे मासळीच्या लिलावात कोळिणी एकाच वेळी बोलत असतात, त्यात कुठलं वाक्य कोणाचं ते या लोकांनी येऊन ओळखून दाखवावं. तरीही मी सूचना पाळायची. चिडते पण काम चोख करते, असं हे माझ्याबद्दल लोकांना सांगायचे.

मला माझा शब्द सापडला तो शाळेतच. एक मुलगी कपाळाला हात लावून रडत आली. "बाई, ह्यानं मना बसका मारला!"

मला वाटलं चापट असेल. हात काढून बघते तर हे एवढं टेंगूळ. बसका म्हणजे दगड. मुलीच्या कपाळाला ओली पट्टी बांधली, मुलाला कोपऱ्यात उभं केलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या टेंगळापेक्षा मला दुसरंच काही लागलं आहे हे तिला कळलं असावं.

ती मुलगी वाड्याच्या टोकाच्या आळीतली. मी तिथे जाऊन बसू लागले. त्या आळीतल्या बायका सर्रास बसका म्हणायच्या. चुलीचा बसका हलला. जाळ्यावर बसका ठेव. पाय बसक्यावर घासून घे. पुरुष मात्र धोंडा म्हणायचे. मी हरखून गेले. फक्त बायकांच्या बोलण्यात असलेला शब्द! एकेका घरातून एकेक करत मी चिठ्ठ्या भरल्या, आणि खाली टीपही लिहिली की बसून राहतो तो बसका, अशी व्युत्पत्ती संभवते. संभवते हा शब्द लिहिताना मला बरंच बरं वाटलं होतं.

त्या आळीत मी जास्त करून तांडेलिणीकडे बसायची. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस, आणि ही त्याची बायको, म्हणून सगळे तिला तांडेलीण म्हणायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. मी तिला मावशी म्हणायची. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या रांगांमधून ती चालायला लागली की मागे आळीतल्या सुना-पोरी धावत. आवाज असा की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. पण मी गेले की आधी चहा टाकायची.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच मोसमात तिचा नवरा गलबत घेऊन दक्षिणेला कौलं आणायला गेला, तो परत आला नाही. गलबताची फळी मिळाली नाही, शीड मिळालं नाही, माणूस तर नाहीच. मग कोणा खलाशाने कुठल्याशा बंदरात ऐकलेली गोष्ट वाड्यात आली, की आपल्याकडचं एक गलबत वाऱ्याने पार अरबस्तानाला नेऊन लावलं आणि त्यावरची माणसं तिकडे खजुराच्या बागांत कामाला आहेत. तांडेलिणीने ती गोष्ट घट्ट धरली. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. लहान मुलगा पदरात होता, त्याला मासळीवर वाढवला. वाड्यात तिला कोणी विधवा म्हणत नसे. पण हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणाऱ्या बायका तिच्या दाराशी आल्या की थोड्या घुटमळायच्या. ती आतून ओरडायची, "येतंय गो, व्हा पुढं!" आणि खरंच जायची. मला ते बघून तिचं कौतुक वाटायचं.

पुण्याहून माझ्या बसक्यावर उत्तर आलं. शब्द नवीन वाटतो, पण अन्य कोळीवाड्यांत आढळतो काय? जुन्या कागदांत आधार आहे काय?

माझ्या नाकाला मिरची झोंबली. एवढ्या घरांतून ऐकलाय तो काय खोटा? काकांनी मोडी कागद चाळले, त्यांना काही मिळालं नाही. मी सुट्टीत अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या वाड्यांवर फिरले. बायका धोंडा म्हणायच्या, दगड म्हणायच्या, एकीनेही बसका म्हटलं नाही. रेवदंड्यातल्या एका म्हातारीने तर मला विचारलं की तू मास्तरीण आहेस ना, मग तुला दगड माहीत नाही का.

शेवटी पुण्याची सूचना बाजूला ठेवून मी तांडेलिणीला सरळ विचारलं. ती चुलीपाशी बसली होती. "मावशी, हा बसका शब्द तुमच्या आळीबाहेर कोणालाच कसा माहीत नाही?"

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की चहा उतू गेला.

"आगो बाई, तो काय शब्द हाय व्हय? तो आमच्या घरचा हाय. आमच्या ह्यांचं नाव..." आणि तिने चुलीच्या दगडावर तळहात ठेवून दोनदा थोपटलं. "आता ह्ये मी तोंडानं कसं घेऊ?"

तिच्या सासूची आधीची मुलं जगली नव्हती. मग जे झालं त्याला दगडाचं नाव ठेवलं, म्हणजे काळाला ते उचलावंसं वाटू नये. ते मूल जगलं, वाढलं, तांडेल झालं. लग्न होऊन तांडेलीण घरात आली. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून तिने त्या दिवसापासून दगडाला दगड म्हटलं नाही, धोंडा म्हटलं नाही. तिच्या जावांचा तो थोरला दीर, चुलत सुनांचा सासरा, त्याही म्हणेनात. ती सगळी आळी एकाच भावकीची. मुलींनी आयांचं ऐकून उचललं. नाव कोणतं ते मी इथे लिहीत नाही. तिने इतकी वर्षं जपलेलं मी का उघडं करू?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी स्वतः आजवर नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, वर यांना 'हे' म्हणते. माणगावकडे माझ्या माहेरी माझी आई सोमवारला 'शंकराचा वार' म्हणायची, कारण आजोबांचं नाव त्या वारावरून होतं. हे सगळं अंगावर वागवत मी किनाराभर एका दगडाचा पत्ता विचारत हिंडले होते. मीही हसायला लागले. आम्ही दोघी चुलीपाशी डोळे पुसत हसत होतो.

मग मी म्हटलं, "आता मला पुण्याला कळवायला पाहिजे की हा शब्द नव्हे."

"काय लिवशील?"

"लिहीन की एका घरात नवऱ्याचं नाव टाळायचं म्हणून बायका असं म्हणतात. खाली एक रकाना आहे, चालू की बंद."

ती हसायची थांबली. कुंकवावर आलेले केस तिने मनगटाने मागे सारले.

"चालू लिव," ती म्हणाली. "मी हाय तवर न्हाय, ते हायेत तवर. आनि ते हायेत. तसं लिव."

मी तसंच लिहिलं. तिच्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. तोपर्यंत मला वाटायचं की तिला मनातून सगळं ठाऊक असेल आणि कुंकू ही नुसती हट्टाची गोष्ट असेल. त्या दिवशी कळलं की तसं नव्हतं. दर वेळी बसका म्हणताना ती त्या माणसाला एकेक दिवस पुढे ढकलत होती. तिने एकदा धोंडा म्हटलं असतं तर तो तिच्यापुरता तिथेच मेला असता.

मला वाटलं होतं, पुण्याचे लोक चिठ्ठी रद्द करतील. पण उत्तर आलं की नाकारलेली चिठ्ठीही आम्ही फेकत नाही, ही तर रिवाजासह ठेवण्यासारखी आहे; मात्र असा प्रयोग केव्हापासून केव्हापर्यंत झाला ते नोंदवावं. केव्हापासून ते मला सांगता आलं असतं. केव्हापर्यंत हे वाचून मात्र माझं डोकं तडकलं. काकांच्या ओसरीवर मी पुण्याहून आलेलं ते कार्ड आपटलं. "यांना काय, शब्द म्हणजे वाळवलेले बोंबील वाटतात?" काका शांतपणे म्हणाले, "त्यांना कुठे माहीत आहे गं? त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाय." ते बरोबर होतं, तरी मी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही.

काही वर्षं गेली. तांडेलिणीचा मुलगा माझ्याच शाळेत चौथी झाला होता, तो आता मासेमारीला मचव्यावर जायचा. त्याचं लग्न झालं. सून थळकडची, शांत, सासूच्या आवाजाने सुरुवातीला दचकायची, पण चार महिन्यांत तीही बसका म्हणू लागली. तिची पहिली दोन मुलं पाळण्यापर्यंतसुद्धा टिकली नाहीत. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा आळीत कोणी मोठ्याने बोललंही नाही, इतकी सगळ्यांना धास्ती.

आठवड्याभराने तांडेलिणीचा मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, सुईण बोलतं, पोराला धोंड्याचंच नाव ठेवा. आमच्या बापाला त्या नावानं राखला, ह्यालाबी राखंल. घरात लागू पडलेलं नाव हाय."

"मग ठेवा की," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं.

आजा जिवंत असताना नातवाला त्याचं नाव ठेवत नाहीत. पाळण्यात ते नाव घालायचं तर आजा गेला असं घराने मानायला हवं. आणि घराने म्हणजे तांडेलिणीने.

"आयेला कोन सांगंल?" तो म्हणाला. "तुमचं ती ऐकतं."

ती माझं ऐकते हे मला नवीनच होतं. मी त्याला चांगलं झापलं, की स्वतःच्या आईशी बोलायला शाळेची बाई कशाला लागते. तो मान खाली घालून उभाच राहिला. त्याचे डोळे भरले होते. तिसरंही मूल गेलं तर बायको जगायची नाही, एवढंच तो म्हणाला. मग मी चपला घातल्या.

तांडेलीण किनाऱ्यावर काठ्यांवरचे बोंबील उलटत होती. मी तिच्या बाजूने चालू लागले आणि मलाही चार उलटायला घेतले. मला शब्द सुचेना. इतरांचे गोळा करून चिठ्ठ्यांवर मांडणारी मी, माझ्याकडे त्या दिवशी एकही नव्हता.

"तुला धाडलं व्हय?" तीच म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

ती पुढच्या काठीकडे सरकली. रांग संपली, दुसरी लागली. मग तिने जे विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"बाई, त्या तुमच्या पुन्याच्या बुकात, एकादा शब्द कोन बोलायचाच थांबला, तर तो पुसतान काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "त्यासाठीच तर ते बुक आहे, मावशी. एकदा आलेला शब्द कधी काढत नाहीत. कोणी बोलत नसलं तरी तो त्याच्या जागेवर राहतो. पुढे फक्त लिहितात की आता बोलत नाहीत."

"त्याचं वाक्यबी ऱ्हातं?"

"वाक्यही राहतं. तुमचंच आहे ना, जाळ्यावर बसका ठेव."

"हां," ती म्हणाली आणि पुढचा बोंबील उलटला. तिने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी घरी आले ती अपराध्यासारखी. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी नुसती काठाशी उभी होते.

बारशाला आळीतल्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं ताट. कानात नाव सांगायला मुलाची आत्या लागते, ती चुलत नात्यातली एक तयार बसली होती. पण कोणतं नाव सांगायचं हे तिलाही माहीत नव्हतं. ती सारखी तांडेलिणीच्या मुलाकडे बघायची आणि तो दुसरीकडे.

तांडेलीण आतल्या खोलीतून बाहेर आली. कपाळ मोकळं होतं. हातात बांगड्या नव्हत्या, गळा रिकामा. तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी उतरवलं नव्हतं, तिने एकटीने आत बसून ते सगळं केलं होतं. मनगटांवर बांगड्यांच्या जागी फिकट वळ दिसत होते. बायकांचं बोलणं बंद पडलं.

ती सरळ पाळण्याकडे गेली आणि आत्याला म्हणाली, "सर तू. मी सांगतंय."

बायकांमध्ये चुळबुळ झाली. शुभकार्यात विधवेने पुढे व्हायचं नसतं, आणि आजपर्यंत कोणी न म्हटलेला तो शब्द आता सगळ्यांच्या जिभेवर येऊन थांबला. एक म्हातारी काही बोलायला तोंड उघडणार, इतक्यात सून उठली. तिने बाळाला पाळण्यातून उचललं, त्याची कुंची मागे सारली आणि कान सासूपुढे केला. त्या शांत मुलीत एवढं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तांडेलीण वाकली. नाव कानात कुजबुजायचं असतं. पण हिचा आवाज तो कसा कुजबुजणार? तिने नवऱ्याचं नाव घेतलं ते अंगणापर्यंत ऐकू गेलं. अंगणात बसलेल्या पुरुषांनी मान वर केली. मग तिने ते नाव दुसऱ्यांदा घेतलं, आणि तिसऱ्यांदा, थोडं हळू. तेव्हा ती बाळाला सांगत नव्हती, हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. चांगलं मोठ्याने, छाती भरून. तांडेलीण सरळ झाली, तिने पदराने तोंड पुसलं आणि आमच्याकडे वळली.

"गा गो आता," ती म्हणाली. "गप का बसल्या सगल्या?"